समुद्रापारचे पाहुणे, देवघरातले मानकरी

आश्विन शुद्ध प्रतिपदा उजाडली की वऱ्हाडातील घराघरांना एक वेगळीच प्रसन्नता येते. शेतातील काळी माती टोपलीत भरून आणली जाते, तीत धान्य पेरले जाते, मध्यभागी घट बसतो आणि त्याच्या शेजारी नंदादीप तेवू लागतो. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका तर देवीच्या छायेतलाच म्हटला पाहिजे. तालुक्यातील पोहरादेवी हे जगदंबेचे आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे पवित्र स्थान. अवघा बंजारा समाज त्यास आपली काशी मानतो. एका अंगाला माहूरगडची रेणुकामाता, दुसऱ्या अंगाला नृसिंहसरस्वती स्वामींचे जन्मस्थान असलेले कारंजा. अशा परिसरात आरती, जोगवा, भुलाबाईची गाणी आणि उपवास यांत नऊ दिवस कसे सरतात ते कळतही नाही.

या प्रदेशाला समुद्राचा वारा लागत नाही. किनारा येथून शेकडो मैल दूर. कित्येक वृद्धांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नसतो. तथापि नवरात्रात देव्हाऱ्यापुढे बसून तेथील एकेका वस्तूला तिचे माहेर विचारू लागलो, तर उत्तर येते ते बहुधा समुद्रापलीकडून. आमच्या घटापुढे, उपवासाच्या ताटात आणि दसऱ्याच्या तोरणात सात समुद्र एकत्र आले आहेत. ते कसे आले, आपल्या धर्माचाराने त्यांना कोणत्या नियमाने आत घेतले आणि त्यापासून आज आपण काय शिकावे, याचा विचार या नवरात्रात करावा, असे आम्हांस वाटते.

घटापुढचा समुद्र

प्रथम घटाकडेच पाहू. घटावर नारळ असतो. मानोऱ्याच्या काळ्या रानात नारळीच्या बागा नाहीत. नारळ किनाऱ्याचा, आणि समुद्राच्या लाटांवर तरंगत व नावाड्यांच्या सोबतीने किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलेला. त्यालाच आपण 'श्रीफळ' हे नाव देऊन मंगल कार्याचा अग्रमान दिला. विड्याची सुपारी आणि नागवेलीचे पान यांचे मूळ आग्नेय आशियाच्या बेटांकडचे. विड्यात खोचली जाणारी लवंग मोलुक्का बेटांवरची. प्रसादाच्या शिऱ्यात किंवा श्रीखंडात उगाळले जाणारे जायफळ बांदा बेटांवरचे. आरतीचा मानाचा 'भीमसेनी' कापूर सुमात्रा आणि बोर्निओ येथील अरण्यांतील प्रचंड वृक्षांच्या खोडात सापडे. इतक्या लांबून आलेल्या वस्तूला आपण पांडवांपैकी एकाचे नाव दिले, यातच तिचे स्वागत किती मनापासून झाले ते दिसते.

देवीच्या भक्तांच्या गळ्यातील कवड्यांची माळ घ्या. आराधी आणि भुत्ये ती अभिमानाने मिरवतात. बंजारा भगिनींच्या पोशाखावर आणि पिशव्यांवर कवड्यांची सुंदर नक्षी असते. ही कवडी प्रामुख्याने मालदीव बेटांची. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ च्या सुमारास त्या बेटांवर राहिला होता. तेथील लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेतात, असे त्याने नोंदविले आहे. बंगाल-ओडिशाकडे कवडी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत चलन म्हणून वापरात होती. नाणे म्हणून तिची किंमत संपली, तरी देवीचा अलंकार म्हणून तिचे मोल तसूभरही घटले नाही. 'कवडीमोल' हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. देवीच्या दारी मात्र कवडी अनमोल आहे.

आणि घटात पेरलेली ज्वारी? तिला तरी आपण अस्सल या मातीची म्हणणार ना? वनस्पतिशास्त्र सांगते की ज्वारीचे मूळ आफ्रिकेत, सुदानच्या परिसरात. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती अरबी समुद्राच्या वाटेने आपल्याकडे आली असावी, असे संशोधक मानतात. गव्हाचे मूळही पश्चिम आशियातले. म्हणजे ज्यांना आपण घरचे म्हणतो, तेही कधीकाळी पाहुणेच होते. काळाने त्यांना घरचे केले.

माणसाला बंदी, वस्तूला मुभा

येथे एक मौजेची विसंगती लक्षात येते. आपल्या धर्मनिबंधांत समुद्रयात्रेचा समावेश 'कलिवर्ज्य' आचारांत केलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही विलायतेहून परतलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे. न घेतल्यास ज्ञातीचा रोष पत्करावा लागे. पण त्याच समुद्रावरून आलेल्या लवंगेला, कापराला वा सुपारीला कोणी प्रायश्चित्त विचारले नाही. तिच्यावर पाणी शिंपडले, हळदकुंकू वाहिले, की ती देवापुढे बसण्यास पात्र झाली. माणसाने समुद्र ओलांडावा की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. वस्तू मात्र गाजावाजा न करता समुद्र ओलांडून देवघरात पोहोचल्या.

हा ओघ प्राचीन काळापासून चालू होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याला एक प्रचंड नवी धार मिळाली. १४९२ मध्ये कोलंबस अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आला. १५०० मध्ये पोर्तुगीज जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. ब्राझील आणि गोवा या दोन किनाऱ्यांवर एकाच सत्तेचा झेंडा फडकू लागला, आणि मध्ये हजारो मैलांचा समुद्र असूनही त्यांच्यामध्ये बी-बियाणांची ये-जा सुरू झाली. पोर्तुगीज आले ते मिरी आणि मसाल्यांच्या व्यापारासाठी, तसेच धर्मप्रसारासाठी. गोव्यात त्यांनी देवळे पाडली, हा इतिहास विसरता येत नाही. पण त्यांच्याच जहाजांतून उतरलेली फळे आणि कंद काही शतकांत आपल्या देवळांच्या प्रसादात व व्रतांच्या फराळात जाऊन बसली. काळाचा न्याय असा विलक्षण असतो.

बंदरावर उतरलेला माल देशावर येई तो बैलांच्या पाठीवरून. त्या काळी हे काम बंजाऱ्यांच्या तांड्यांचे होते. सतराव्या शतकात भारतात फिरलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य, डाळी आणि मीठ त्यांच्या पाठीवर असे. मीठ म्हणजे लवण. 'लमाण' या नावाचा संबंध अभ्यासक या शब्दाशी जोडतात. समुद्राचे मीठ वऱ्हाडच्या चुलीपर्यंत पोहोचले ते या समाजाच्या पायपिटीमुळे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, नवरात्रातच, पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. देवीच्या दर्शनास जाणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे. आपल्या ताटातील मिठाचा इतिहासही त्या समाजाच्या वाटचालीत आहे, हे ध्यानात ठेवून पाहावे.

उपवासाच्या ताटातले नवे कंद

आता फराळाच्या ताटाकडे वळू. साबुदाण्याची खिचडी, जिला आपल्याकडे उसळ म्हणतात, तीत साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट, बटाटा आणि मिरची. शेजारी रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, एखादी पेरूची किंवा पपईची फोड. हे ताट आपण परंपरेने चालत आलेले सात्त्विक ताट मानतो. आता यातील एकेकाचे कूळ पाहा. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. भुईमूग त्याच खंडाचा. मिरची, रताळे, राजगिरा, पेरू, पपई ही सारी अमेरिकेची. १४९२ पूर्वीच्या कोणत्याही एकादशीला आपल्या पूर्वजांच्या ताटात साबुदाण्याची ही उसळ असणे शक्य नव्हते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' हा विशाल ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रतांचा संग्रह आहे. पण त्या पंडिताने बटाटा पाहिलेला नव्हता आणि मिरची चाखलेली नव्हती.

मग हे परके उपवासाला चालू कसे लागले? आम्हांस वाटते, याचे उत्तर व्रताच्या नियमातच आहे. उपवासाला वर्ज्य आहे ते 'अन्न', म्हणजे मुख्यतः नांगरलेल्या शेतातील धान्य व डाळी. ग्राह्य आहेत ती कंद, मुळे, फळे आणि दूध. ऋषिमुनींचा वनातील आहार हा त्यामागचा आदर्श. नियमाने वस्तूंची यादी दिली, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वस्तूंचा वर्ग सांगितला. समुद्रापारहून नवा कंद आला, तेव्हा आमच्या आजी-पणजींनी त्याला 'तू कुठला?' असे विचारले नाही, 'तू कोण?' असे विचारले. तो म्हणाला, 'मी कंद.' 'मग ये, सुरणाशेजारी बैस.' इतक्या साध्या न्यायाने त्याचा प्रवेश झाला.

नावांवरूनही हे दिसते. 'रक्तालु' हे एका तांबड्या देशी कंदाचे जुने संस्कृत नाव. त्यापासून आलेले 'रताळे' हे नाव अमेरिकेहून आलेल्या गोड कंदाला मिळाले. उत्तरेकडे 'आलुक' या देशी कंदाचे नाव बटाट्याला मिळून तो 'आलू' झाला. मराठीने मात्र पोर्तुगीजांचाच 'बटाटा' हा शब्द ठेवला, आणि गंमत अशी की तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील लोकांचा, रताळ्यासाठीचा! मिरचीने मिरीची जागा घेतली आणि नावही मिरीचेच घेतले. भुईमुगाची गोष्ट तर फारच मनोरंजक. तो वस्तुतः शेंगवर्गातला, म्हणजे मुगा-हरभऱ्याचा भाऊबंद. मूग, हरभरा उपवासाला चालत नाहीत. पण हा भाऊ फूल जमिनीवर उमलवून शेंग मात्र मातीच्या पोटात धरतो. त्यामुळे त्याची गणना कंदमुळांच्या पंगतीत झाली असावी, असा आमचा तर्क आहे. नावात 'मूग' असूनही तो एकादशीला चालतो!

साबुदाण्याचा प्रवास सर्वांत लांबचा. मूळचा 'सागू' हा मलाया-इंडोनेशियाकडील एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातील पिठापासून होई. शब्दही मलाय भाषेतलाच. आज आपण खातो तो साबुदाणा होतो ब्राझीलच्या कसावा नामक कंदापासून. हा कंद कच्चा खाल्ल्यास विषारी ठरू शकतो. तो किसून, पिळून, भाजून निर्विष करण्याची विद्या दक्षिण अमेरिकेतील आदिवासींनी शोधून काढली. पोर्तुगीजांबरोबर तो केरळच्या किनाऱ्यावर आला. १८८० ते १८८५ या काळात राज्य करणाऱ्या त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाल महाराजांनी दुष्काळात प्रजेला आधार म्हणून त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा सागू बंद पडला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे या कंदापासून साबुदाणा बनविण्याचा उद्योग उभा राहिला. कंद सोलून वाटतात, त्याचे दूध गाळून खाली बसू देतात, ओलसर सत्त्व हलवून-हलवून त्याचे गोल दाणे करतात, ते तव्यावर भाजून उन्हात वाळवतात. सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सेलमच्या या मालाचे फार मोठे गिऱ्हाईक म्हणजे महाराष्ट्र आणि त्याचे शेजारी. विठ्ठलाच्या आषाढीवर आणि देवीच्या नवरात्रावर तमिळ शेतकऱ्याच्या घरातील चूल काही अंशी अवलंबून आहे, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते.

राजगिऱ्याचे दोन देव

राजगिऱ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याच्या वाट्याला देवत्व दोनदा आले. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोकांत राजगिरा हे मोठ्या मानाचे धान्य होते. सणाच्या दिवशी त्याचे पीठ तेथील एका वनस्पतीच्या गोड पाकात मळून देवतेची मूर्ती घडवीत, तिची पूजा करीत आणि नंतर तिचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्यांची राजधानी जिंकली. नव्या धर्माधिकाऱ्यांना हा विधी आपल्या धर्मसंस्काराची विटंबना वाटला. त्यांनी तो मोडून काढला आणि पुढे त्या पिकाची लागवडही ओसरत गेली.

जे धान्य आपल्या जन्मभूमीत देवापासून तोडले गेले, त्याला हजारो मैलांवर दुसऱ्या देवघरात आसरा मिळाला. हिमालयाच्या उतारांवर आणि गुजरात-महाराष्ट्रात ते रुजले. हिंदी प्रांतात त्याला नाव मिळाले 'रामदाना', मराठीत 'राजगिरा'. गवताच्या जातीचे नसल्याने त्याची गणना नेहमीच्या धान्यांत होत नाही आणि ते उपवासाला चालते. आपण राजगिऱ्याच्या लाह्या फोडून गुळाच्या पाकात लाडू वळतो. आज मेक्सिकोतही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात घालून वड्या करतात, आणि त्या मिठाईचे नाव आहे 'आलेग्रिया', म्हणजे 'आनंद'. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन देशांतील गृहिणींच्या हातून एकच खाऊ तयार व्हावा आणि दोन्हीकडे तो सणाशी जोडला जावा, याहून सुंदर योग कोणता?

नावे आणि नाती

पाहुण्याला घरचा करण्याची आपली रीत म्हणजे त्याला नाते लावणे. अनोळखी वृद्धाला आपण 'बाबा' म्हणतो, तसेच अनोळखी फळांनाही आपण जवळच्यांची नावे दिली. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील एका फळाला 'सीताफळ' म्हटले. त्याच्या भावंडाला 'रामफळ'. आज विदर्भ-मराठवाड्याच्या डोंगरउतारांवर सीताफळाची झाडे रानोमाळ उगवतात. ती कधी बाहेरून आली असतील, असे मनातही येत नाही. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ते पिकते आणि आपण ते निःशंक मनाने नैवेद्यात ठेवतो. अमेरिकेच्याच लाल भोपळ्याला कित्येक ठिकाणी 'काशीफळ' वा 'गंगाफळ' म्हणतात. ज्याला रामाचे, सीतेचे, काशीचे, गंगेचे नाव दिले, त्याला परका कोण म्हणेल?

ऋषिपंचमीचे व्रत तर याचा सर्वांत ठळक दाखला होय. बैलाच्या श्रमाचे काहीही खायचे नाही, असा तो कडक दिवस. त्या दिवशीच्या 'ऋषीच्या भाजी'त अळू, माठ, सुरण यांच्या बरोबरीने अनेक घरी लाल भोपळा आणि मक्याचे कणीस असतेच. म्हणजे सप्तर्षींच्या स्मरणार्थ केल्या जाणाऱ्या भाजीत दोन जिन्नस समुद्रापलीकडचे! परसात हाताने लावता येतात, बैलाची गरज पडत नाही, एवढी पात्रता त्यांना पुरेशी झाली.

नकारही तितकाच ठाम

यावरून कोणी असे समजू नये की आपल्या आचाराने जे आले ते डोळे मिटून घेतले. त्याच जहाजांतून तंबाखूही आली. ती घरोघर पसरली हे खरे. पण तिला सामान्यतः व्रतात वा नैवेद्यात स्थान मिळाले नाही. टोमॅटो उत्तरेकडे नवरात्राच्या उपवासाला चालतो, आपल्याकडे बहुतेक घरी चालत नाही. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादात तर आजही बटाटा आणि टोमॅटो वर्ज्य आहेत. तेथे देशी कंद आणि भाज्याच शिजतात. एकाच धर्मात एका देवापुढे बटाटा वर्ज्य आणि दुसऱ्या व्रताला तो ग्राह्य; दोन्ही ठिकाणी श्रद्धा सारखीच निर्मळ.

उलट, देशी असणे एवढ्यावरही कोणाला प्रवेश मिळालेला नाही. वांगे या भूमीचे. बटाटा आणि मिरची याच कुळातील. पण चातुर्मासात वर्ज्य ठरले ते वांगे, आणि एकादशीला चालतो तो बटाटा. हळदीवाचून आपले कोणतेही मंगल कार्य होत नाही. परंतु उपवासाच्या पदार्थात आपण हळद घालत नाही, मिरची घालतो. तेव्हा पावित्र्याचा निकष जन्मस्थान हा नाही, हे स्पष्ट होते. जिभेचा संयम, नियमाची शिस्त आणि अर्पणाचा भाव हेच निकष. गीतेत भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी भक्तीने दिले तर आपण ते स्वीकारतो, असे सांगितले आहे. ते कोणत्या बंदरातून आले असावे, अशी अट घातलेली नाही.

शेत आणि ताट

आता थोडे कठीण बोलणे भाग आहे. पाहुण्याला घरात घेणे हा धर्म. पण पाहुण्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना ओसरीवर बसावे लागले, तर त्यास धर्म म्हणता येणार नाही. मानोरा तालुक्याच्या शेतांतूनही असेच पाहुणे आले आहेत. वऱ्हाडचा कापूस पूर्वापार प्रसिद्ध. पण तो आखूड धाग्याचा देशी कापूस होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. पुढे लांब धाग्याच्या अमेरिकी जातीच आपल्या शेतांत आल्या. १९७० मध्ये सुरत येथून संकरित वाण निघाले, २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली; आज महाराष्ट्रातील जवळजवळ सारा कापूस त्याच अमेरिकी कुळाचा आहे. घरच्या शेतातील कापूस पिंजून गृहिणी नंदादीपाची वात वळते, तेव्हा त्या वातीचे गोत्र अटलांटिकपलीकडचे असते. ज्योत मात्र देवीचीच.

दुसरा पाहुणा सोयाबीन. त्याचे मूळ चीनकडचे. गेल्या काही दशकांत वाशीम जिल्ह्याच्या खरिपात त्याने मुख्य जागा पटकावली. नवरात्राच्या तोंडावर त्याची सोंगणी आणि मळणी होते. दुकानाची उधारी, मुलांचे कपडे, दसऱ्याचा खर्च त्यावरच भागतो. असे असूनही सोयाबीनला नैवेद्याच्या ताटात, व्रतात वा ओटीत अद्याप स्थान नाही. त्याचा आपण बाजारात भाव विचारतो. देवापुढे त्याच्या ठायी भाव ठेवत नाही. भुईमूग चार-पाच शतकांपूर्वीच्या समुद्रमार्गांचे देणे, आणि तो प्रत्येक फराळात आहे. सोयाबीन दाराशी रास लागूनही अजून उंबऱ्याबाहेरच आहे. त्यालाही उद्या एखादे नाव, एखादे नाते मिळेल की नाही, हे काळच ठरवील.

पण सोयाबीनने शेतातील जी जागा घेतली ती प्रामुख्याने ज्वारीची होती, हे विसरून चालणार नाही. ज्वारी गेली तसा बैलाचा कडबा कमी झाला. ज्यांच्या शेतात आता ज्वारी नाही, त्यांना घटात पेरण्यास मूठभर ज्वारीही विकत आणावी लागते. उपवासाच्या ताटातही तेच. भगर, शिंगाडा, सुरण, अळकुडी ही आपली जुनी मंडळी मागे सरली आणि नऊही दिवस साबुदाणा आणि बटाटाच पुढे आला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय सत्त्व. वर शेंगदाणे आणि तेल-तूप. मधुमेहाच्या रुग्णांना वैद्य त्याविषयी जपून राहण्यास सांगतात ते उगीच नव्हे. ज्या दिवशी जिभेला विश्रांती द्यायची, त्या दिवशीच तिचे लाड अधिक होऊ लागले, तर दोष साबुदाण्याचा नाही. तो आपल्या संयमाचा आहे.

म्हणून आमची वाचकांस नम्र सूचना आहे. या नऊ दिवसांत निदान काही दिवस तरी भगर, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, सुरण यांना ताटात परत बोलवावे. ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे, त्यांनी बांधालगत का होईना, ज्वारीचे चार तास पेरावे. पुढील वर्षीचा घट आपल्याच दाण्यांनी भरावा. नव्याला हाकलू नये आणि जुन्याला विसरू नये. पंगतीत दोघांनाही पाट मांडावा.

एका दोऱ्यातले तोरण

दसऱ्याच्या सकाळी दाराला तोरण लागते. त्यात दोनच वस्तू असतात: आंब्याची पाने आणि झेंडूची फुले. आंबा आपला, याच उपखंडाचा. झेंडू मेक्सिकोचा. तेथील लोक नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला आपल्या पितरांचे स्मरण करतात. झेंडूच्या केशरी पाकळ्यांची वाट घालून त्या वाटेने दिवंगतांचे आत्मे घरी येतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. आपण पितृपक्ष संपताच नवरात्र बसवितो आणि दसऱ्याला त्याच फुलाने दार, वाहन, वह्या, अवजारे सजवितो. तेथे ते पितरांना वाट दाखविते, येथे ते विजयादशमीला दाराशी उभे राहून लक्ष्मीचे स्वागत करते.

आणि आंब्याने तरी कुठे समुद्र ओलांडला नाही? पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमध्ये नेला. १५६५ ते १८१५ या काळात फिलिपाईन्समधील मनिला आणि मेक्सिको यांच्यामध्ये स्पॅनिश गलबते ये-जा करीत. त्या वाटेने मेक्सिकोत पोहोचलेला आंबा तेथे आजही 'मनिला' या नावाने ओळखला जातो. आपल्या हापूसचे नाव पोर्तुगीज सरदार अफोन्सो द आल्बुकर्क याच्यावरून आले. आपली माणसेही गेली. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांनी ऊसमळ्यांत राबताना गणपतीबाप्पाला सोडले नाही. आज त्या देशात गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्यांनी नेलेला देव तेथे घरचा झाला, तसे येथे आलेले फूल आपल्या देवाचे झाले.

मेक्सिकोचा झेंडू आपल्या आंब्याच्या पानांशेजारी ज्या दोऱ्यात ओवला जातो, तो दोरा वऱ्हाडच्या कापसाचा असतो. यंदा तोरण बांधताना क्षणभर त्याकडे निरखून पाहावे. ज्याने ते फूल पिकविले त्या शेतकऱ्याला दसऱ्याच्या बाजारात योग्य दाम द्यावा. संध्याकाळी उरलेली फुले त्याला रस्त्यावर टाकून जावे लागू नये. आपट्याची पाने वाटताना 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' असे आपण म्हणतो. शिवारातील सोनेही त्याच शुभेच्छेचे अधिकारी आहे. जगदंबा सर्वांचे कल्याण करो.